जो फ्लॅको अव्वल आहे का? हा वाद घालायला ‘प्रो-फुटबॉल-रेफरन्स’ कितपत पुरते

सप्टेंबर-ऑक्टोबरात एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात. शेवटचा सोमवारी पहाटे पाच पन्नासला, म्हणजे विश्रामबागेत दुधाच्या पिशव्या टाकायला पोरं निघतात त्या सुमारास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि आपल्याकडे हे सगळं आणखी तासभर लांबतं. एवढं जागरण कॉलेजच्या होस्टेलवर जमेल, नोकरीधंद्याच्या माणसाला नाही. त्यामुळे सांगली-मिरजेत या खेळाचे जे मोजके नादी आहेत त्यांचे वाद पाच-दहा मिनिटांच्या हायलाइट्सवर चालतात, आणि हायलाइट्समध्ये प्रत्येक क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चाल रचणारा खेळाडू, अव्वलच दिसतो. वाद नीट घालायचा तर पूर्ण हंगामाचा हिशेब समोर हवा. तो हिशेब फुकट मिळण्याची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे प्रो-फुटबॉल-रेफरन्स ही वेबसाइट.

२००० सालापासून ती चालू आहे. खेळाडूचं नाव टाकलं की त्याचं पान उघडतं आणि पासिंगच्या तक्त्यात दर हंगामाची एक ओळ दिसते. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. पण तक्त्यात तीसेक रकाने आहेत आणि त्यातले निम्मे वादात फसवतात. कुठला रकाना आधी बघायचा आणि कुठला बाजूला ठेवायचा हे कळलं नाही, तर ही साइट वाद मिटवण्याऐवजी वाढवते. म्हणून तिची पारख एका जुन्या, चिघळलेल्या वादावर केलेली बरी: बाल्टिमोर रेव्हन्सचा तेव्हाचा क्वार्टरबॅक जो फ्लॅको.

वाद असा. २०१२ च्या हंगामात फ्लॅको साधारण खेळला. मग बाद फेरीत चार सामन्यांत ११ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार पोचवणारे पास), एकही इंटरसेप्शन (विरोधकाने झेललेला पास) नाही, ३ फेब्रुवारी २०१३ ला सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. महिन्याभरात त्याला सहा वर्षांचा १२ कोटी ६ लाख डॉलरचा करार मिळाला. पुढच्याच हंगामात त्याने १९ टचडाउन केले आणि २२ इंटरसेप्शन दिले. तेव्हापासून अमेरिकेत ‘फ्लॅको अव्वल आहे का’ हा प्रश्न कुठल्याही क्वार्टरबॅकच्या वादाचं जणू शीर्षकच झाला आहे.

पानावर सगळ्यांची नजर आधी ‘रेट’ या रकान्यावर जाते. हे पासर रेटिंग. १९७३ मध्ये लीगने स्वीकारलेलं हे सूत्र चार भागांचं आहे. ते एकदा तरी हाताने करून बघावं, म्हणजे त्याची खोड कळते. २०१२ चा साधा हंगाम, म्हणजे बाद फेरीआधीचे सामने, घ्या: ५३१ प्रयत्न, ३१७ पूर्ण (झेलले गेलेले) पास, ३,८१७ यार्ड, २२ टचडाउन, १० इंटरसेप्शन.

पहिला भाग, पूर्ण पासांचं प्रमाण: ३१७ भागिले ५३१ म्हणजे ०.५९७. त्यातून ०.३ वजा करून ५ ने गुणा, १.४८५.
दुसरा, प्रति प्रयत्न यार्ड: ७.१८८. त्यातून ३ वजा, उरलेल्याचा पाव, १.०४७.
तिसरा, टचडाउनचं प्रमाण गुणिले २०: ०.८२९.
चौथा, २.३७५ मधून इंटरसेप्शनचं प्रमाण गुणिले २५ वजा: १.९०४.

चारही भागांची बेरीज सहाने भागून शंभराने गुणायची. मधले दशांश तोडले नाहीत तर उत्तर येतं ८७.७, आणि साइटवरही तेच आहे. तोडले तर शेवटचा आकडा एकाने हलतो, तेवढ्यावरून साइट चुकली म्हणू नये. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की प्रत्येक भाग शून्याच्या खाली आणि २.३७५ च्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे सगळ्यात मोठं रेटिंग १५८.३.

आता खोड बघा. समजा एका क्वार्टरबॅकने दहा पास टाकले, दहाही पूर्ण झाले आणि प्रत्येक पास फक्त तीन यार्डांचा. टचडाउन नाही, इंटरसेप्शन नाही. पहिला भाग २.३७५, दुसरा शून्य, तिसरा शून्य, चौथा २.३७५. रेटिंग ७९.२. पण तीन यार्डांचे तीन पास म्हणजे नऊ यार्ड. चेंडू हातात ठेवायला चार प्रयत्नांत, म्हणजे चार ‘डाउन’मध्ये, दहा यार्ड लागतात आणि चौथ्या प्रयत्नाला बहुतेक संघ चेंडू लाथाडून मोकळे होतात. म्हणजे हा गडी संघाला जवळपास दर वेळी मैदानाबाहेर आणतोय, आणि रेटिंग त्याला फ्लॅकोच्या २०१३ च्या ७३.१ पेक्षा वर बसवतं. रेटिंगच्या जोरावर कुणी अव्वलपणाचा निकाल देत असेल तर त्याच्यापुढे हे उदाहरण मांडावं.

दुसरी खोड त्याहून मोठी. या सूत्रात सॅक नाही. आपल्याकडच्या, त्यातही वाळवा तालुक्यातल्या माणसाला हे एका वाक्यात कळेल: सॅक म्हणजे चढाईपटूची पकड. चेंडू टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं, की यार्ड मागे जातात आणि एक प्रयत्न फुकट जातो. कबड्डीत चढाईपटूचे गुण मोजायचे आणि त्याच्या पकडी मोजायच्याच नाहीत असं कुणी केलं तर त्याला कुणी जाणकार म्हणणार नाही. पासर रेटिंग नेमकं तेच करतं. उलट, पकडला जातोय हे ओळखून ज्याने शहाणपणाने चेंडू बाहेर फेकला त्याचं पूर्ण पासांचं प्रमाण घसरतं आणि रेटिंग कमी होतं.

म्हणून पानावर आधी शोधायचा तो ‘एएनवाय/ए’ हा रकाना. साइटवरची सगळ्यात कामाची चीज हीच. हिशेब सरळ आहे: यार्डांमध्ये प्रत्येक टचडाउनचे २० मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनचे ४५ वजा करा, सॅकमध्ये गमावलेले यार्ड वजा करा, आणि प्रयत्न अधिक सॅक यांनी भागा. फ्लॅकोला २०१२ मध्ये ३५ सॅक झाले, २२७ यार्ड गेले. म्हणजे ३,८१७ अधिक ४४० उणे ४५० उणे २२७, उरले ३,५८०. भागिले ५६६. उत्तर ६.३३. २०१३ मध्ये ३,९१२ यार्ड, १९ टचडाउन, २२ इंटरसेप्शन, ४८ सॅकमध्ये ३२४ यार्ड आणि ६१४ प्रयत्न: ४.५०. त्या काळात लीगची सरासरी सहाच्या आसपास होती. म्हणजे सुपर बोल जिंकला त्या हंगामातही साध्या सामन्यांत फ्लॅको सरासरीच्या किंचित वर होता, आणि करारानंतर बराच खाली गेला. बहुतेक वाद इथेच अर्धा होतो.

इथे एक चूक हमखास होते. लोक २०१३ चा आकडा १९८० च्या किंवा आजच्या खेळाडूशी थेट ताडून बघतात. पासिंग वर्षागणिक सोपं होत गेलं आहे. १९७३ मध्ये सूत्र बांधताना सरासरी कामगिरीला ६६.७ रेटिंग येईल अशी मांडणी होती, २०१२-१३ पर्यंत लीगची सरासरी ८५ च्या घरात गेली. त्यासाठी पानावर खाली ‘ॲडजस्टेड पासिंग’चा वेगळा तक्ता आहे. त्यात रकान्यांच्या नावांपुढे अधिकचं चिन्ह असतं. तिथे १०० म्हणजे त्या काळची सरासरी आणि दर १५ गुण म्हणजे एक प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप). ११५ च्या वर वर्षामागून वर्ष राहिलेला क्वार्टरबॅक अव्वल, ही फूटपट्टी आम्ही वापरतो. एखाद्याच वर्षी वर गेलेला नाही. निक फोल्सने २०१३ मध्ये २७ टचडाउनवर फक्त दोन इंटरसेप्शन दिले, रेटिंग ११९.२. पुढे सुपर बोलही जिंकला, तरी त्याला कुणी पीटन मॅनिंगसारख्या दिग्गज क्वार्टरबॅकच्या पंगतीत बसवत नाही आणि ते बरोबरच आहे.

आता बाद फेरी. साध्या हंगामाच्या तक्त्याशेजारीच ‘प्लेऑफ्स’चं बटण आहे, ते दाबलं की तीच मांडणी बाद फेरीची दिसते. २०१२ च्या चार सामन्यांत फ्लॅको: १२६ प्रयत्न, ७३ पूर्ण, १,१४० यार्ड, ११ टचडाउन, शून्य इंटरसेप्शन, रेटिंग ११७.२. सॅक बाजूला ठेवून फक्त टचडाउन-इंटरसेप्शनचं वजन धरलं, म्हणजे ‘एवाय/ए’, तर १०.८. साध्या हंगामात तोच आकडा ७.२ होता.

यावर फ्लॅकोच्या विरोधकांचा ठरलेला मुद्दा असतो, की डेनवरमध्ये शेवटच्या मिनिटात जकोबी जोन्सला दिलेला ७० यार्डांचा पास बचावपटूच्या चुकीने आत गेला, सगळी पुण्याई त्या एका पासाची. मुद्द्यात तथ्य आहे. बचावपटू रहीम मूरने चेंडूचा अंदाज साफ चुकवला होता. मग तो पास काढून टाका आणि परत हिशेब करा: १२५ प्रयत्न, १,०७० यार्ड, १० टचडाउन. १,०७० अधिक २०० भागिले १२५, म्हणजे १०.२. तरीही डोळे दिपवणारा आकडा. पास काढला असता तर रेव्हन्स तिथेच हरले असते आणि पुढचे दोन सामने झालेच नसते, हे खरं. पण ‘एका पासाची पुण्याई’ हे आकड्यांत टिकत नाही. पाच मिनिटांचा हिशेब आहे, आणि त्याला लागणारा प्रत्येक आकडा या साइटवर आहे.

आता ‘गेम लॉग’. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला जाणता खरेदीदार वरच्या पॉलिशवर जात नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. हंगामाची एकूण ओळ म्हणजे पॉलिश. गेम लॉगमध्ये हंगाम सामन्यागणिक मोडून मिळतो. २०१३ चे २२ इंटरसेप्शन मोडले की दिसतं, त्यातले पाच एकाच सामन्यात, २९ सप्टेंबरला बफेलोत गेले. ते बाजूला काढले तरी १५ सामन्यांत १७ उरतात. म्हणजे एका वाईट दिवसाची सबब अर्धीच चालते, हंगाम एकूणच डागाळलेला होता. उलट प्रकारही दिसतो: कुणाचे दहा टचडाउन दोन दुबळ्या संघांविरुद्ध आणि बाकी हंगाम कोरडा. एकूण ओळीत हे कधीच कळत नाही.

त्याहून खोल जायचं तर ‘स्प्लिट्स’. डाउनप्रमाणे, किती यार्ड हवे होते त्याप्रमाणे, गुणांचा फरक किती होता त्याप्रमाणे, क्वार्टरप्रमाणे सगळं वेगळं मिळतं. इथे वेळ घालवावा. संघ वीस गुणांनी मागे असताना समोरचे बचाव सैल सोडतात, छोटे पास द्यायला हरकत घेत नाहीत. त्या वेळी जमवलेल्या यार्डांना फार किंमत देऊ नये. म्हणून गुणफरकाच्या तक्त्यात बरोबरी आणि थोडक्या फरकाच्या ओळी आधी वाचा. मग तिसऱ्या डाउनच्या. तिसऱ्या डाउनला सात-आठ यार्ड हवे असताना पास येणार हे समोरच्यालाही ठाऊक असतं, आणि तरीही जो चेंडू पोचवतो त्याची गोष्टच वेगळी. एक सावधगिरी: या ओळींत प्रयत्नांचा रकाना आधी बघा. एका हंगामात असे पन्नासेकच प्रयत्न असतील तर दोन इंटरसेप्शननी पूर्ण चित्र उलटतं. तीन-चार हंगामांच्या ओळी एकत्र करूनच बोलावं.

‘क्यूबीरेक’ हा रकाना मात्र वादातून हद्दपार करावा. क्वार्टरबॅकने सुरुवात केलेल्या सामन्यांत संघ किती जिंकला आणि किती हरला, एवढंच तो सांगतो. न्यूयॉर्क जायंट्सचा क्वार्टरबॅक एलाय मॅनिंग याचा साध्या हंगामांचा हिशेब ११७ विजय आणि ११७ पराभव असा आहे, आणि त्याच्याकडे सुपर बोलच्या सर्वोत्तम खेळाडूचे दोन मान आहेत. ट्रेंट डिल्फर २००० च्या रेव्हन्सबरोबर सुपर बोल जिंकला, तो त्या बचावफळीच्या जिवावर. मैदानावर अकरा जण असतात, बचावाला आणखी वेगळे अकरा. त्यांचा हिशेब एकाच्या नावावर चढवणं कुठल्याच खेळात न्यायाचं नाही.

साइट कुठे कमी पडते तेही सांगायला हवं. कारणं तिच्या तक्त्यात नाहीत. २०१३ मध्ये फ्लॅको का कोसळला? त्याचा भरवशाचा झेलणारा अँक्वान बोल्डिन, ज्याने त्या बाद फेरीत २२ झेल, ३८० यार्ड, चार टचडाउन केले होते, तो सहाव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात दुसऱ्या संघाला दिला गेला. दुसरा झेलणारा डेनिस पिटा याचा खुबा सराव शिबिरातच निखळला आणि त्याचा जवळपास सगळा हंगाम गेला. चेंडू घेऊन धावणाऱ्या रे राइसच्या धावा प्रति प्रयत्न ३.१ यार्डांवर आल्या, म्हणजे बचावाला धावेची धास्तीच उरली नाही. यातला राइसचा आकडा त्याच्या पानावर सापडतो, पण हे तीन धागे जोडायचं काम वाचणाऱ्याचं. २०१२ च्या डिसेंबरात आक्रमणाचा प्रशिक्षक बदलला आणि त्यानंतर फ्लॅको फुलला, २०१४ मध्ये त्या जागी गॅरी कुबियाक आल्यावर पुन्हा २७ टचडाउन, ९१.० रेटिंग. हा मेळही स्वतःच घालावा लागतो.

दुसरी उणीव: किती पास निशाण्यावर होते, किती झेलणाऱ्याने सोडले, किती वेळा दबाव आला ही ‘ॲडव्हान्स्ड’ माहिती २०१८ पासूनचीच आहे. फ्लॅकोच्या त्या गाजलेल्या बाद फेरीसाठी ती नाही. २०२३ मध्ये क्लीव्हलँडसाठी तो पाच सामने खेळला, १,६१६ यार्ड, १३ टचडाउन, आठ इंटरसेप्शन, त्यांच्यासाठी आहे, आणि ती जरूर बघावी. बचावपटूच्या हातून सुटलेले इंटरसेप्शन कुठल्याच तक्त्यात धड दिसत नाहीत. त्यासाठी पूर्ण मैदान दाखवणारं चित्रणच बघावं लागतं.

वापराबद्दल थोडं. मोबाइलवर फोन आडवा धरा, तरी तक्ता सरकवावा लागतो. रकान्यांची नावं तुटक इंग्रजी अक्षरांत आहेत. लॅपटॉपवर माउस नेला की अर्थ दिसतो, फोनवर तक्त्याच्या वरचं ‘ग्लॉसरी’ उघडावं. रकान्याच्या नावावर दाबलं की क्रम लागतो, पण क्रम लावण्याआधी किमान प्रयत्नांची अट बघा. लीगचा नियम संघाच्या दर सामन्यामागे १४ प्रयत्न, म्हणजे १७ सामन्यांच्या हंगामाला २३८. अट नसलेल्या यादीत एकच पास टाकून टचडाउन केलेला गडी सगळ्यांच्या वर बसतो. ‘शेअर अँड एक्स्पोर्ट’मधून तक्ता सीएसव्हीत उतरवून घेता येतो, तो शीटमध्ये टाकला की वरची सगळी सूत्रं एकदाच लिहून कितीही खेळाडूंना लावता येतात.

‘स्टॅटहेड’ नावाची सशुल्क सोय वेगळी आहे. ‘२०१० पासून बाद फेरीत तीनशे यार्ड आणि शून्य इंटरसेप्शन असलेले सगळे सामने’ असले प्रश्न तिथे एका फटक्यात सुटतात. वर्गणी डॉलरमध्ये जाते, तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार आधी चालू करावे लागतात. आपल्याकडच्या नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. दोन-चार खेळाडूंची तुलना करणाऱ्याला ती घेण्याची काही गरज नाही. या लेखातला एकही आकडा त्यासाठी लागलेला नाही.

आणि फ्लॅको? रेव्हन्सच्या ११ हंगामांत एकदाही प्रो बोल (वर्षाच्या निवडक खेळाडूंचा मान) नाही, एएनवाय/ए बहुतेक वर्षं सरासरीच्या आगेमागे, आणि चार सामने असे की तेवढ्यापुरता त्याच्या तोडीला कुणी नव्हतं. अव्वल क्वार्टरबॅक तो नव्हता. पण २०१२ ची ती बाद फेरी नशिबाची होती असं कुणी म्हणालं, तर वरचा १०.२ त्याच्यासमोर ठेवा.